पेटीची भिंत अचानक सरकली, तर?

क्वांटम मेकॅनिक्स शिकायला लागलं की हे गणित कधी ना कधी समोर येतंच. अभेद्य भिंतींच्या, १ नॅनोमीटर रुंद एकमितीय पेटीत इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या सगळ्यात खालच्या पातळीवर आहे. ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. उजवी भिंत झटक्यात सरकते आणि पेटी २ नॅनोमीटरची होते. आता ऊर्जा मोजली, तर नव्या पेटीची सगळ्यात खालची पातळी सापडण्याची संभाव्यता किती?

पहिली चूक आकडेमोडीआधीच होते. पेटी रुंदावली म्हणून तरंगफलनही (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची संभाव्यता किती, हे ज्यावरून कळतं ते फलन) पसरलं, असं धरलं जातं. पण त्याला बदलायला वेळच मिळालेला नाही. डाव्या अर्ध्या भागात साइनची जुनीच कमान, उजव्या अर्ध्यात शून्य. बदलल्या त्या फक्त पातळ्या. इथे ‘झटक्यात’ म्हणजे साधारण १.७५ फेमटोसेकंदांपेक्षा खूपच कमी वेळात; प्लँकचा रिड्यूस्ड स्थिरांक (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) भागिले ऊर्जा केलं की हा आकडा मिळतो. भिंत अगदी सावकाश सरकवली असती, तर इलेक्ट्रॉन खालच्याच पातळीवर राहून ऊर्जा ०.०९४ वर उतरली असती.

आता जुनी कमान आणि नवी साइन यांचा गुणाकार करून इंटिग्रल घ्यायचा आणि उत्तराचा वर्ग करायचा. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकूण संभाव्यता १ ठेवणारा गुणक (२ भागिले रुंदी) याचं वर्गमूळ असतो, म्हणजे नॅनोमीटरमध्ये जुन्या पेटीला √२ आणि नव्या पेटीला १. दोन्हीकडे √२ लावलं, तर संभाव्यता दुप्पट येते. इंटिग्रलची मर्यादा ० ते १ हवी. सवयीने २ लिहिलं, की जिथे इलेक्ट्रॉन नव्हताच तिथेही जुनी साइन चालू राहते.

विषम क्रमांकांच्या पातळ्यांसाठी सूत्र असं निघतं: क्रमांकाच्या वर्गातून ४ वजा करा, उरलेल्याचा पुन्हा वर्ग करा, त्याला पाय (π) च्या वर्गाने गुणा आणि त्या गुणाकाराने ३२ ला भागा. पहिल्या पातळीला ०.३६० येतात, तिसरीला ०.१३०, पाचवीला ०.००७. दुसरी सोडून बाकी सम पातळ्यांना शून्य. दुसऱ्या पातळीला मात्र सर्वसाधारण सूत्रात शून्य भागिले शून्य येतं, आणि पुष्कळजण तिथे ‘शून्य’ लिहून मोकळे होतात. ती पातळी वेगळी सोडवायलाच हवी: उत्तर नेमकं १/२. नव्या पेटीच्या दुसऱ्या साइनची डावी कमान जुन्या कमानीशी तंतोतंत जुळते आणि ऊर्जाही तीच, ०.३७६.

पडताळा सोपा आहे. पहिल्या तीन पातळ्यांची बेरीज ०.९९० भरते, पुढच्या मिळवत गेलं की १. सरासरी ऊर्जेचा पडताळा मात्र धीर पाहतो. ती नव्या पेटीच्या खालच्या पातळीच्या चौपट, म्हणजे आधी होती तेवढीच यायला हवी, पण तीन पातळ्या मिळवून जेमतेम ३.५३ पट होते. गणित चुकलेलं नसतं. पेटीच्या मध्यावर जुनी कमान शून्याला टेकते, तिथे तरंगफलनाला टोकदार कोपरा आहे, आणि तो कोपरा घडवायला वरच्या क्रमांकांच्या लाटा लागतात. त्यांची संभाव्यता नगण्य, पण ऊर्जा क्रमांकाच्या वर्गाने वाढते, उरलेली ०.४७ पट तिथूनच येते.