युद्धनौकांवरील ॲस्बेस्टॉस-बाधा

दुसऱ्या महायुद्धातील वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकांवर नळ, बॉयलर आणि टर्बाइन यांच्याभोवती लपेटलेल्या ॲस्बेस्टॉस या न जळणाऱ्या, तंतुमय खनिजाचे तंतू श्वासावाटे नौसैनिकांच्या फुफ्फुसांत गेले आणि त्यातून पुढे आजार उद्भवले. ब्रिटनसह बहुतेक मोठ्या नौदलांत हे घडले. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकी नौदलाविषयी आहे.

ॲस्बेस्टॉस वापरण्यामागचा हेतू चांगलाच होता. १९३४ मध्ये 'मॉरो कॅसल' या प्रवासी जहाजाला आग लागून १३७ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेत जहाजांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. युद्धनौकेला तर आगीइतकीच स्वतःच्या वाफेचीही भीती. 'फ्लेचर' वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या गेल्या. त्यांच्या नळांत दर चौरस इंचाला सुमारे ६०० पौंड दाबाची, ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली वाफ खेळत असे. उघड्या नळाला हात लागला तर कातडी सोलून निघेल. दक्षिण आफ्रिकेतून येणारा अमोसाइट हा तपकिरी ॲस्बेस्टॉस हलका होता, उष्णताही अडवत असे; त्यामुळे नळांच्या आवरणासाठी त्याला पसंती मिळाली.

बाधा जहाजबांधणीच्या गोदीपुरतीच होती, हा समज अपुरा आहे. समुद्रावरची रोजची दुरुस्तीही तेवढीच घातक होती. व्हॉल्व्ह गळू लागला की इंजिन-खोलीतला सैनिक सुरीने आवरण कापून काढी. फ्लॅन्जला, म्हणजे नळांच्या जोडाच्या कडेला, चिकटलेले जुने, करपलेले गॅस्केट (जोड गळू नये म्हणून घातलेली चकती) पत्र्याच्या पट्टीने आणि तारेच्या ब्रशने खरवडी. काम झाले की बादलीत ॲस्बेस्टॉसची भुकटी पाण्यात कालवून तो लगदा हातानेच नळावर थापायचा. तोंडाला फार तर रुमाल. खाली पडलेला चुरा झाडूने लोटला जाई आणि उरलेला पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर फिरे. ड्यूटी संपली तरी सुटका नव्हती, कारण एकावर एक रचलेल्या बंकांच्या (झोपण्याच्या फळ्यांच्या) डोक्यावरूनही आवरण घातलेले नळ जात. तोफा धडाडल्या की त्यांवरची धूळ पांघरुणावर येई. तोफेतून बाहेर पडणारी तापलेली काडतुसे झेलणाऱ्याच्या हातमोज्यांतही ॲस्बेस्टॉसच असे.

धोका अगदीच अज्ञात नव्हता. १९४३ मध्ये गोद्यांसाठी काढलेल्या आरोग्यविषयक किमान नियमांत ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा उल्लेख आहे. १९४६ मध्ये मात्र नौदलाच्या जहाजांवर नळांना आवरण घालणाऱ्या १,०७४ कामगारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ॲस्बेस्टॉसिस या फुफ्फुसाच्या आजाराचे तीनच रुग्ण सापडले आणि हे काम तुलनेने सुरक्षित ठरवले गेले. गोम अशी, की बहुतेक कामगारांना या कामात दहा वर्षेही झाली नव्हती. आजारी तिघे या कामात वीस वर्षांहून जुने होते. आजार फुटायच्या आधीच मोजदाद उरकली गेली. शिवाय पाहणी गोदीतल्या कामगारांची होती, जहाजावर राहणाऱ्यांची नव्हे.

ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुफ्फुस घट्ट होत जाऊन धाप लागते. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. तो बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. त्याचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध १९६० मध्ये संशोधक वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांवरून दाखवून दिला. पुढे अमेरिकी नौदलाचे प्रमुख झालेले ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट युद्धकाळात 'रॉबिन्सन' या फ्लेचर वर्गाच्या विनाशिकेवर होते. २००० च्या जानेवारीत त्यांचा मृत्यू मेसोथेलिओमाने झाला. ते इंजिन-खोलीतले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सेवेत झालेल्या इजेबद्दल अमेरिकी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निर्णय आहे. म्हणून खटले उत्पादकांवर झाले. १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल ही ॲस्बेस्टॉसची बडी कंपनी दिवाळखोरीत गेली. आम्ही नुसते लोखंडी यंत्र दिले, ॲस्बेस्टॉस नंतर नौदलाने घातला, असा यंत्र बनवणाऱ्यांचा बचाव असे. दोन नौसैनिकांच्या कुटुंबांनी लढवलेल्या खटल्यात २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट मान्य केला नाही. यंत्राला असा भाग लागणारच आणि तो धोक्याचा आहे हे ठाऊक असेल, तर वापरणाऱ्याला सावध करणे हे उत्पादकाचे काम, असे त्याने सागरी कायद्याखाली ठरवले.

जहाज मोडीत निघते तेव्हा तेच आवरण पुन्हा उकलले जाते, या वेळी जहाजतोडणी कामगाराच्या हातून. मुंबईच्या दारुखान्यात आणि गुजरातमधील अलंग येथे हे काम चालत आले आहे. 'क्लेमांसो' ही फ्रेंच विमानवाहू नौका, युद्धानंतरची असली तरी याच घडणीची, अलंगला निघाली होती. तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून वाद पेटला, प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी तिला माघारी बोलावले. ती अखेर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तोडण्यात आली.