समुद्रजलाचा शिरकाव (गोव्यातील भूजलात)

समुद्रजलाचा शिरकाव : किनाऱ्यालगतच्या जलधारक थरातील गोड्या पाण्याची पातळी उतरल्यावर समुद्राचे किंवा खाडीचे जड खारे पाणी त्या थरात सरकणे. गोव्यात तो मुख्यतः बार्देश व सासष्टीच्या पुळणीतील वाळूत, मांडवी-जुवारी नद्यांकाठच्या खाजनांत (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनींत) आणि खाजनांना भिडलेल्या जांभ्याच्या पायथ्याशी आढळतो.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर जितकी, त्याच्या सुमारे ४० पट खोलीवर दोन पाण्यांची सीमा राहते. हे गुणोत्तर बाडोन खायबेन (१८८८-८९) व हेर्झबर्ग (१९०१) यांच्या नावाने रूढ आहे. हेर्झबर्गने ते उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटाच्या निरीक्षणांवरून मांडले. मात्र याच समतोलाची कल्पना अमेरिकेत द्यू कोमँ याने १८२८ मध्येच मांडली होती. त्यामुळे अग्रमान त्याला द्यावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नियम स्थिर पाण्याचा आहे आणि भूजल तर वाहते असते. वाहत्या पाण्यात सीमा या हिशेबापेक्षा खोल असते, हे हबर्टने १९४० मध्ये दाखवले. गोव्याच्या पुळणीत वाळूचा थर जाड नसून खाली लवकरच जांभा किंवा कठीण खडक लागतो. म्हणून ४० पटींचा हिशेब येथे शब्दशः लावता येत नाही. उपशाचा धोका मात्र त्यावरून नेमका कळतो : पंपाने पातळी १० सेंमी. उतरली, तर विहिरीखालचे खारे पाणी तत्त्वतः ४ मी. वर चढू शकते.

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडूनही हे घडते, कारण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात येतो आणि सच्छिद्र जांभा तो झऱ्यांवाटे लवकर सोडून देतो. एप्रिल-मे महिन्यांत विहीर मचूळ होते ती यामुळे.

भूजल-रसायन : समुद्राच्या एका लिटरात क्लोराइड सुमारे १९,००० मिग्रॅ. असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची (२०१२) स्वीकार्य मर्यादा २५० मिग्रॅ. आहे. म्हणजे गोड्या पाण्याच्या शंभर भागांत समुद्राचा जेमतेम सव्वा भाग मिसळला, तरी ती गाठली जाते. पण क्लोराइड वाढले एवढ्यावरून समुद्र आत आला असे ठरत नाही. क्लोराइडचे बायकार्बोनेटशी प्रमाण वाढले, की समुद्राचा शिरकाव धरणारी रेव्हेलची कसोटी (१९४१) सर्वत्र वापरली जाते. जांभ्यातील पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी व बायकार्बोनेटला गरीब, आणि किनाऱ्यावरचा पाऊसही थोडे मीठ घेऊन येतो. त्यामुळे शिरकाव नसतानाही हे प्रमाण फुगते. अशा पाण्यावर केवळ या कसोटीने समुद्राचा शिक्का मारणे घाईचे ठरेल. क्लोराइड व ब्रोमाइड यांचे वजनी प्रमाण अधिक भरवशाचे आहे. समुद्रात ते सुमारे २९० असते. जेवणातल्या मिठात ब्रोमाइड फार कमी असल्याने सांडपाण्यात हे प्रमाण चढे राहते. जोडीला नायट्रेट असेल, तर दोष बहुधा शोषखड्ड्याचा.

शिरकाव सुरू होताच मातीच्या कणांवरचे कॅल्शियम सुटते व त्याची जागा सोडियम घेते. परिणामी पाण्यात सोडियम अपेक्षेपेक्षा कमी आणि कॅल्शियम जास्त दिसते. पावसाळ्यात गोडे पाणी थर धुऊ लागले, की हीच क्रिया उलटते. खाजनांच्या चिकणमातीत ही खूण स्पष्ट उमटते. जांभ्यातील केओलिनाइट या चिकणखनिजाची आयन-विनिमय क्षमता (अशी अदलाबदल करण्याची शक्ती) अल्प असल्यामुळे तेथे ती पुसट राहते.

खाजने : खारटपणा समुद्राकडून येतो की नदीकडून, याविषयी मतभेद संभवतो. पुळणीवर समुद्राचा हात स्पष्ट आहे. किनाऱ्यापासून आत असलेल्या गावांत मात्र नदीचाच विचार आधी करावा लागतो, कारण उन्हाळ्यात मांडवी व जुवारीत भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. ते अडवायला बांध आणि मानस (बांधातील झडपदार) असतात; मानशीची दारे ओहोटीला उघडतात व भरतीला आपोआप मिटतात. बांध फुटला, की शेताबरोबर शेजारच्या विहिरीही खारावतात. ही व्यवस्था किती जुनी, हे निश्चित नाही. बांदोडे येथील अनिर्जितवर्मन या कोकणातील मौर्य राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ भूमीचा उल्लेख येतो. अक्षरवळणावरून तो साधारण पाचव्या ते सातव्या शतकातला धरतात.

नियमन : १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मी. पर्यंत भूजल उपसण्यास बंदी घातली. २०० ते ५०० मी. पट्ट्यात पिणे, बागायत, शेती व मासेमारी यांसाठी साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्यास तिने मोकळीक ठेवली. गोवा भूजल नियमन कायदा २००२ चा आहे. हाताने काढण्याची अट शास्त्राला धरूनच आहे : कळशीने वरच्या थरातले गोडे पाणी उचलले जाते आणि पातळी एकदम खाली ओढली जात नाही.