दुमजली बसचा जिना

बेस्टच्या जुन्या लाल दुमजली बसमध्ये चढले की मुंबईकराचे पाय आपोआप वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीकडे वळत. या डिझेल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. हृदयविकाराच्या अभ्यासात मात्र खिडकीपेक्षा अशा बसचा अरुंद जिना अधिक महत्त्वाचा ठरला, आणि तोही लंडनमधला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढत असताना डॉ. जेरी मॉरिस यांनी त्याचा व्यवसायाशी काही संबंध आहे का, हे तपासायला घेतले. लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. चालक आणि वाहक एकाच गाडीवर राबणारे, साधारण सारख्याच परिस्थितीतले. पण चालक पाळीचा सुमारे ९० टक्के वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देताना दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार वाहकांना हा विकार कमी प्रमाणात होत होता, झालाच तर उशिरा होत होता, आणि त्यातून लवकर मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात चालकांहून बरेच कमी होते. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे टपाल कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला.

यावर एक शंका रास्त होती: मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी त्यासाठी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली (संशोधकाने शिंप्याची वही उघडावी, हे मला या कथेतले सर्वांत रंजक पान वाटते). १९५६ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केले की तरुण चालकांची कंबरही तरुण वाहकांपेक्षा रुंद होती. म्हणजे शंकेत तथ्य होते, आणि सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पुढे मात्र सडपातळ आणि स्थूल माणसांची वेगवेगळी तुलना केली, तरी वाहकांचे पारडे जडच राहिले.

असे का होत असावे, याचा उलगडा पुढच्या संशोधनातून होत गेला. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो. पायांचे मोठे स्नायू तासन्‌तास निष्क्रिय राहिले, तर रक्तातील चरबी फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यात मंदावते. शिवाय हालचालीमुळे वाढलेला रक्तप्रवाह धमन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतो, आणि त्यामुळे धमन्या सैलावतात.

लंडनचे आकडे मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. बेस्टच्या दुमजली गाडीवर दोन वाहक असत, एक खाली आणि एक वर. त्यामुळे इथला जिना वाहकापेक्षा खिडकी पकडायला धावणाऱ्या प्रवाशांनीच जास्त झिजवला असणार.