हँडलवरचं बटण, फ्लायव्हीलजवळचा चुंबक

रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हवण्याचा व्यायाम देणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात. ट्रेडमिलवर पळता पळता बोट पुढे करून वेग वाढवता येतो. व्यायामाच्या सायकलवर नॉब गुडघ्यांच्या मध्येच असतो. इथे हँडल छातीपाशी ओढलेलं असतं, मॉनिटर पार समोर राहतो आणि रेझिस्टन्सचा, म्हणजे ओढ जड-हलकी करायचा, नॉब बहुधा त्याच्याही खाली. तो फिरवायचा तर एक हात सोडावा लागतो. मग हँडलला जोडलेल्या पट्ट्याची परतीची स्प्रिंग ते तिरकं खेचते, कंबर एका बाजूला वळते आणि जमलेली लय जाते. अर्धा तास एकाच लेव्हलवर ओढणाऱ्याला याचं काहीच नाही. पण तीस सेकंद जड आणि तीस सेकंद हलकं असं आलटूनपालटून करणाऱ्याला मिनिटात दोनदा हे करावं लागतं. म्हणून बटणं थेट हँडलवर आणायची.

कल्पना चांगली आहे, पण वायर लावण्यासाठी मशीनवर हँडलइतकी वाईट जागा दुसरी नाही. दर ओढीला ते मीटर-सव्वा मीटर मागे येतं आणि तेवढंच पुढे जातं. मिनिटाला 24 ओढी धरल्या तर अर्ध्या तासात 720 वेळा. पट्ट्यालगत वायर नेली तर तीही पट्ट्याबरोबर पुलीवरून तितक्याच वेळा वाकणार आणि सरळ होणार. तांबं असं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होत जातं, बारीक चिरा पडतात आणि एक दिवस बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून तुटलेली निघते. गुंडाळीची, जुन्या टेलिफोनसारखी वायर जास्त टिकते. पण ती मांड्यांवर लोंबते. त्यामुळे हँडलवर बसवायचे कंट्रोल बहुतेक करून बिनतारी, ब्लूटूथचे असतात.

पण बटण घेण्याआधी दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघायला हवं, कारण बटण स्वतः काहीच जड करत नाही. घरगुती मशीनमध्ये रेझिस्टन्स चार तऱ्हांनी येतो: तेलाचा पिस्टन, पाण्याची टाकी, पंखा आणि चुंबक. पहिल्या दोन प्रकारांत चालू व्यायामात बदलण्यासारखं फारसं काही नसतं. पंख्याच्या मशीनला बाजूला हवा कमी-जास्त आत सोडणारी एक झडप असते. कॉन्सेप्ट2 या अमेरिकी कंपनीच्या मशीनवर ती 1 ते 10 आकड्यांची असते आणि एकदा लावली की तिला कोणी हात लावत नाही. खरी गंमत चुंबकाच्या मशीनमध्ये आहे.

त्यात फ्लायव्हीलच्या, म्हणजे ओढीने फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेला ॲल्युमिनियम असतं आणि कडेपासून काही मिलिमीटरवर एका कमानीवर चुंबक बसवलेले असतात. चुंबक चाकाला कुठेही टेकत नाहीत, तरी चाक अडतं. फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो याने 1824 साली तांब्याची चकती फिरवली, तर वर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागली. तांब्याला चुंबक चिकटत नाही, मग हे कसं? उत्तर 1831 मध्ये फॅरेडेने दिलं: चुंबकासमोरून धातू सरकला की त्यात वीज निर्माण होते. धातूतल्या धातूतच गोल फिरणारे हे प्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि ते मूळ हालचालीला विरोध करतं. त्यांना एडी करंट म्हणतात. 1855 मध्ये फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि तो जोर चकती तापवण्यात खर्च होतो. आपल्या हॉलमधलं मशीन म्हणजे फूकोचीच चकती.

हे घरी बघायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची हातभर नळी आणा. लोखंडाची नको, चुंबक चिकटून बसेल. नळीत सैल जाईल असा छोटा निओडिमियम चुंबक वरून सोडा. तो पडण्याऐवजी आरामात उतरत खाली येतो. तशाच आकाराचा साधा स्क्रू टाकला तर क्षणात खाली. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचं सगळं सोपं जातं.

लेव्हल वाढवणं म्हणजे ती चुंबकांची कमान चाकाजवळ सरकवणं. अंतर वाढलं की चुंबकाचं क्षेत्र झपाट्याने कमी होतं, आणि ब्रेकचा जोर तर क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर फार बोलतात. लेव्हल 2 वरून 4 वर जाताना काही कळत नाही आणि 13 वरून 15 वर जाताना पाठ बोलू लागते, याचं कारण तुमचा दमसास नसून तो वर्ग आहे. उलटही होतं. आपण लावलेला जोर चाकात उष्णतेच्या रूपाने जातो. 200 वॉट म्हणजे जुन्या बनावटीच्या अडीच-तीन छतपंख्यांची वीज. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युतरोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. कड 25 अंशांनी तापली तर एडी करंट दहाएक टक्क्यांनी घटतात आणि तीच लेव्हल थोडी हलकी वाटते. हे तत्त्व काही व्यायामापुरतं नाही; जर्मनीच्या आयसीई 3 या वेगवान गाडीला रुळांवर न घासणारे ब्रेक आहेत, ते याच एडी करंटवर चालतात.

आता ती कमान सरकवतं कोण? स्वस्त मशीनमध्ये नॉबपासून कमानीपर्यंत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते, बाहेर नळी आणि आत सरकणारी तार. बोडेन केबल तिचं नाव, पेटंट 1896 चं. महागड्या मशीनमध्ये केबलच्या टोकाला छोटी गियरवाली मोटर असते आणि कमान कुठे आहे हे सांगणारा सेन्सर. आपलं मशीन कोणतं हे ओळखायला झाकण उघडावं लागत नाही. मॉनिटरवर अधिक-उणे दाबल्यावर आतून घुर्र आवाज आला तर मोटर आहे. नुसता नॉब असेल तर नाही, आणि मग हँडलवरचं बटण कोणाशी बोलणार? अशा मशीनला आधी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणारी मोटर, बसवावी लागते. ती नॉबच्या जागी केबल ओढते आणि ईएसपी32 सारखा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिला सांगतो किती ओढायची. सर्व्होची भाषा साधी आहे: दर 20 मिलिसेकंदांनी एक विजेचा ठोका, ठोका 1 मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, 2 चा असेल तर दुसऱ्या. हाताने काही बनवायची हौस असेल तर जरूर करावं. नुसता व्यायाम हवा असेल तर माझ्या मते नॉबच बरा.

मोटर असली तरी मशीनने बाहेरचा हुकूम ऐकायला हवा. ब्लूटूथमध्ये व्यायामाच्या यंत्रांसाठी एफटीएमएस नावाची ठरलेली भाषा आहे. तिच्यात अमुक रेझिस्टन्स लाव हा हुकूम आहे, पण तो मानायचा की फक्त आकडे पाठवायचे हे मशीन बनवणारा ठरवतो. काही कंपन्यांची बटणं फक्त त्यांच्याच मशीनशी बोलतात. आणि बरीच मशीन एका वेळी एकाच उपकरणाशी जोडली जातात. फोनवरच्या ॲपने जागा अडवली तर नवं बटण मुकाट बसतं. विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावं, दुकानदार आपणहून सांगणार नाही.

प्रत्यक्ष बसवणं दहा मिनिटांचं काम, पण जागा नीट निवडायला हवी. रोइंगमध्ये हँडल मुठीत आवळून धरत नाहीत. बोटांचा आकडा करून ओढतात आणि अंगठा खालून नुसता टेकलेला असतो. त्यामुळे बटण मुठीच्या आतल्या बाजूला, पकड न सोडता अंगठा सरकवून पोचेल असं हवं. मधोमध पट्ट्याच्या जोडावर बसवलं तर अंगठा पोचत नाही. क्लॅम्प सैल बसत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाली गुंडाळा, मग ॲलन की ने स्क्रू आवळा. प्लॅस्टिकच्या क्लॅम्पवर ताकद दाखवू नका, चीर जाते. मग हँडल हुकावर अडकवून बघा, आणि पार पुढे सोडून बघा. बटणाची डबी हुकाला किंवा पट्टा आत जातो त्या फटीला आपटत असेल तर ती थोडी फिरवून घ्या.

ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर साडेबारा सेंटिमीटरची, आणि हाताच्या पंजातलं पाणी ती शोषतं. डबीचा अँटेनावाला भाग तळव्याखाली दडला तर दाबलेलं कधी पोचतं, कधी नाही. आत बहुधा सीआर2032 हा नाण्यासारखा सेल असतो, 3 व्होल्टचा, 220 मिलिअँपिअर-तासांच्या आसपासचा. झोपेत बटण 10 मायक्रोअँपिअर खात असेल तर हिशेबाने अडीच वर्षं पुरेल. वापर धरला की कमी. घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण स्क्रूनेच बंद होणारं घ्या. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, थेट दवाखानाच गाठावा लागतो.

बटण दाबायचं ते हँडल पुढे जाताना. त्या वेळी फ्लायव्हील एकाच दिशेला पकडणाऱ्या क्लचमुळे आपल्या धुंदीत फिरत असतं आणि पट्ट्यावर भार नसतो. ओढताना दाबलं तर अर्ध्या ओढीत भार बदलतो, आणि तो पाठीच्या खालच्या मणक्यांना कळतो. मोटरला कमान सरकवायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात काही झालं नाही असं वाटून लिफ्टच्या बटणासारखं पुन्हा पुन्हा दाबणारे आहेत. त्यांची लेव्हल चारने चढते.

लेव्हल म्हणजे मेहनत नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. चुंबकाच्या मशीनवर चाकाचा वेग दुप्पट केला तर ताकद साधारण चौपट लागते, पंख्याच्या मशीनवर आठपट. कॉन्सेप्ट2 च्या सूत्राने 500 मीटरला 2 मिनिटं हा वेग म्हणजे सुमारे 202 वॉट, आणि 1 मिनिट 45 सेकंद म्हणजे 302. पंधरा सेकंदांसाठी दीडपट. पाण्यावरच्या होडीचं गणितही या आठपटीच्या जवळचं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ पुण्याच्या सीएमई या लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये सराव करून 2016 च्या रिओ ऑलिंपिकला गेला, एकेरी नौकानयनात तेरावा आला, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण मिळवलं. शर्यत सुरू झाल्यावर होडीत रेझिस्टन्स बदलायला काही नसतं. वल्ह्याच्या तरफेचं माप आधीच ठरवून घ्यायचं, पुढे पाय किती जोरात लोटतात त्यावर. म्हणून पंख्याच्या मशीनला हँडलवर बटण लावायचा खटाटोप मला पटत नाही. तिथे जोरात ओढणं हेच बटण आहे.

बसवून झाल्यावर मॉनिटरवर आकडा बदलतोय पण हाताला फरक लागत नाही, असं होऊ शकतं. दोष बटणात शोधू नका, त्याचं काम आकडा बदलला तिथे संपलं. सर्वांत खालच्या लेव्हलवर एक जोराची ओढ घ्या, हँडल सोडून द्या आणि फ्लायव्हील थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग सर्वांत वरच्या लेव्हलवर तसंच. दोन्ही वेळा सारखेच सेकंद भरले तर कमान सरकलेलीच नाही. मोटरचा आवाज येत असेल तर केबल टोकाशी निसटली आहे, येत नसेल तर मोटरचा कनेक्टर सैल आहे का ते आधी बघा.