काँक्रीट आणि पाणी : पार्श्वभूमी

पाण्यात टिकणारं बांधकाम करण्याची विद्या सिमेंटपेक्षा फार जुनी आहे. रोमन लोकांनी नेपल्सच्या आसपासची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून बंदरं बांधली. आपल्याकडे हेच काम सुरखीनं, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीनं केलं. दोन्हींतली सिलिका (वाळूत असतो तोच घटक) चुन्याशी संयोग पावते आणि माल पाण्याखालीही घट्ट होतो. इंग्लंडजवळ समुद्रातल्या एडिस्टनच्या खडकावरचं दीपगृह जॉन स्मीटननं १७५९ मध्ये पुरं केलं, तेही असाच चुना आणि इटलीहून आणलेली राख वापरून. पुढे १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं.

सिमेंटनं ताकद झटपट मिळू लागली, पण पाणी अडेलच असं नव्हतं. १९१८ मध्ये शिकागोत संशोधक डफ एब्रम्स यांनी दाखवलं, की पाणी वाढवलं की काँक्रीटची ताकद घटते. त्याहून मोलाचं काम १९५९ मध्ये पॉवर्स या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी केलं. जादा पाण्यानं सिमेंटच्या लगद्यात बारीक वाटा राहतात, त्या बुजायला किती दिवस लागतात हे त्यांनी मोजलं. पाणी-सिमेंट प्रमाण (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) ०.४० असेल तर ३ दिवस, ०.५० ला १४ दिवस, ०.६० ला ६ महिने, ०.७० ला वर्ष. प्रमाण ०.७० च्या वर गेलं तर त्या कधीच पूर्ण बुजत नाहीत. हे दिवस लगदा सतत ओला असतानाचे आहेत. म्हणूनच स्लॅबवर चार दिवस पाणी मारून थांबणं मला फार घातक वाटतं. पातळ माल टाकला असेल तर त्या चार दिवसांनी काहीच भागत नाही.

या वाटांनीच खारं पाणी सळईपर्यंत जातं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे वरचं काँक्रीट फुटून निघतं. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम दीड दशकाचा होता. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाडीकाठी बांधणाऱ्या प्रत्येकानं ही घटना लक्षात ठेवायला हवी.

उपाय दोन दिशांनी आले. १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत अशी रसायनं निघाली, की कमी पाण्यातही माल वाहता राहतो. दुसरीकडे औष्णिक वीज केंद्रांची राख सिमेंटमध्ये आली. ती सुरखीसारखीच सिमेंटमधून सुटणारा चुना बांधून घेते.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० च्या आवृत्तीनं टिकाऊपणाला ठळक जागा दिली. समुद्राचे तुषार उडतात तिथे किमान एम-३५ (ताकदीची प्रत) काँक्रीट, सळईवर ५० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे साडेबावीस लिटर पाणी, तेही वाळूतली ओल धरून.