डांबर म्हातारं होतं तेव्हा

खड्ड्याच्या कडेला सुटून पडलेला डांबराचा तुकडा कधी हातात घेऊन बघा. नवा रस्ता मे महिन्याच्या दुपारी चप्पल धरून ठेवतो. हा तुकडा कडाकणीसारखा कट्कन मोडतो. आतली खडी कोरडी, धुतल्यासारखी. आपण पावसाच्या नावाने बोटं मोडतो, पण पाणी आत शिरतं तोवर डांबर आधीच म्हातारं झालेलं असतं.

रस्त्याच्या मिश्रणात डांबर, म्हणजे अभियंत्यांचं बिटुमेन, जेमतेम 5 टक्के. बाकी खडी आणि कच. सगळं धरून ठेवायचं ते त्या 5 टक्क्यांनी. हॉट मिक्स प्लांटमध्ये दीडशे अंशांच्या आसपास तापतानाच त्यातले हलके तेलकट घटक उडू लागतात. पुढे ऊन आणि ऑक्सिजन आहेतच. तेलकट भाग घटतो, जड भाग वाढतो, लवचीकपणा जातो.

हे म्हातारपण प्रयोगशाळेत झटपट आणता येतं. डांबराचा पातळ थर 163 अंशांच्या भट्टीत 85 मिनिटं फिरवायचा, मग वातावरणाच्या सुमारे 20 पट दाबाच्या हवेत, 100 अंशांना, 20 तास ठेवायचा. रस्त्यावरची कित्येक वर्षं एवढ्यात उलटतात! या परीक्षेत बायोचार मिसळलेलं डांबर साध्या डांबराइतकं झपाट्याने कडक होत नाही, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय.

बायोचार म्हणजे भुसा, तूस, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) हवा जवळजवळ न देता बंद भट्टीत साधारण 400 ते 600 अंशांना तापवून उरलेला कोळसा. चुलीत जळालं तर राख होते; इथे कार्बनचा सांगाडा टिकतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांची छिद्रंसुद्धा. तो 75 मायक्रॉनहून बारीक दळून गरम डांबरात घोटतात. छिद्रं हलके घटक धरून ठेवतात, काळा कार्बन अतिनील किरण शोषतो. शिवाय डांबर उन्हात घट्ट राहतं, त्यामुळे ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या कमी पडतात.

पण तीच छिद्रं डांबरही पितात. म्हणून प्रमाण बहुधा डांबराच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के. जास्त घातलं की मिश्रण ताठर होतं आणि कडाक्याच्या थंडीत तडकतं. विदर्भात मात्र उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंश ओलांडतो आणि थंडी क्वचितच गोठणबिंदूजवळ जाते. तिथे हा सौदा मला परवडणारा वाटतो. टाकी सतत ढवळावी लागेल, नाहीतर पूड तळाशी बसते.

बायोचारमधला कार्बन हवेत न जाता रस्त्यातच राहतो, पण या साठवणुकीचं कौतुक जरा जपूनच करावं. 7 मीटर रुंद, 5 सेंटिमीटर जाडीचा थर 1 किलोमीटर टाकायचा तर साधारण 42 टन डांबर लागतं. त्यात 10 टक्के बायोचार म्हणजे 4 टन. त्यात अडकलेला कार्बन सुमारे 10 टन कार्बन डायऑक्साइडएवढा. वाईट नाही, पण खरा फायदा रस्ता उशिरा उखडण्यात आहे.

डिसेंबर 2024 मध्ये नागपूर-मनसर बायपासवर झालेला प्रयोग वेगळा. तिथे लिग्निनने, म्हणजे वनस्पतींना ताठपणा देणाऱ्या घटकाने, डांबराच्या काही भागाची जागा घेतली होती. बायोचार डांबराच्या जागी येत नाही, सोबतीला येतो.

आणि पऱ्हाटी फुकट दिसली तरी वाहतूक फुकट नाही. ट्रॉली शिगोशीग भरते, काट्यावर वजन किरकोळ. भट्टी कापसाच्या शेताजवळच हवी, म्हणजे प्लांटपर्यंत पऱ्हाटी नव्हे, कोळसा जाईल.