देवरहाटी कोणाची? सिंधुदुर्गातील खाणविरोधाची पार्श्वभूमी

सावंतवाडी किंवा दोडामार्ग तालुक्यातील देवराईचा सातबारा काढला, तर त्यावर बहुतेक ठिकाणी 'देवरहाटी' हा शब्द आढळतो आणि जमिनीचा धनी म्हणून सरकारचे नाव असते. गावाच्या लेखी ती जमीन माऊलीची, सातेरीची किंवा रवळनाथाची आहे. खाणीवरून गेली पंधरा-सोळा वर्षे चाललेल्या वादाचे मूळ या दोन नोंदींमधील अंतरात आहे.

'देवरहाटी' या शब्दाकडे नीट पाहावे लागते. 'गावरहाटी' म्हणजे गावाच्या मानपानाची, देवकार्याची आणि वहिवाटीची ठरलेली रीत, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. तीच रहाटी देवाच्या रानाला लागू झाली की ती देवरहाटी. म्हणजे या शब्दात मालकी आणि वनस्पती यांच्याआधी वहिवाट आहे : येथे कोयता कोणी चालवायचा नाही, वाळलेले झाड काढायचे तरी आधी गाऱ्हाणे घालून कौल घ्यायचा, वर्षाची राखण, म्हणजे रानाच्या राखणदाराचा मान, कोणत्या धोंड्यापाशी द्यायची, हे सारे त्यात येते. महसुली दप्तराला मात्र वहिवाटीपेक्षा सारा कोण भरतो हे विचारण्याची सवय होती. देव सारा भरत नाही आणि देवाचे रान कोणी कसत नाही. त्यामुळे अशी जमीन सरकारी पड म्हणून धरली जाणे ओघानेच आले. नाव देवाचे राहिले आणि अधिकार सरकारकडे गेला.

जोवर त्या रानाखालच्या लोहखनिजाला भाव नव्हता, तोवर या विसंगतीची झळ कोणाला बसली नाही. रेडीच्या खाणी जुन्या असल्या तरी त्या किनाऱ्यालगत होत्या, आणि १९७६ मध्ये तेथील खाणीच्या परिसरातच द्विभुज गणपतीची मूर्ती सापडल्याने खाण आणि देव एकाच गावात नांदू शकतात असेही पुष्कळांना वाटले. सह्याद्रीच्या पायथ्याची गावे वेगळी आहेत. तेथे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यात पाऊस मुरतो, त्याचे झरे उताराला फुटतात, आणि देवराया अनेकदा नेमक्या त्या झऱ्यांभोवती असतात. खालच्या माडा-पोफळीच्या बागा त्याच पाण्यावर जगतात. दोडामार्गातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची दुर्मीळ दलदल आजवर टिकली, ती देवराई म्हणून राखली गेल्यामुळेच.

दोडामार्गातील कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीला २००९ मध्ये लोकांचा विरोध डावलून पर्यावरण मंजुरी मिळाली आणि वाद पेटला. पश्चिम घाटाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये समिती नेमली, तेव्हा या पट्ट्यातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव स्वतःहून केले. संवेदनशील क्षेत्राला सर्वत्र गावकऱ्यांचाच विरोध असतो, असे जे सरसकट सांगितले जाते, ते या ठरावांपुढे टिकत नाही. पुढे दुसरी समिती आली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला, आणि संवेदनशील गावांच्या यादीतून दोडामार्ग तालुका वगळला गेला. ज्या गावांनी संरक्षण मागितले होते, त्यांतली दोडामार्गातील गावे बाहेर राहिली. त्याच वर्षी ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी, देवाचा डोंगर म्हणून, बॉक्साइटची खाण नाकारली आणि तो नकार मानला गेला. सिंधुदुर्गात आदिवासीबहुल भागासाठी असणारे अनुसूचित क्षेत्र नाही. येथील धनगरवाड्यांना किंवा मानकऱ्यांच्या घराण्यांना नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांसारखे आदिवासी म्हणून हक्क सांगता येत नाहीत, आणि वनहक्क कायद्याखाली इतर पारंपरिक वनवासी म्हणून दावा करायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. ज्यांची वहिवाट कौलाने चालली, त्यांच्याजवळ कागद कोठून असणार?

मग आधार उरला तो 'वन' या शब्दाचा. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशात जमीन कोणाचीही असली तरी शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वन, असे ठरवले होते; सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' हा शब्द याच संदर्भात घरोघरी पोहोचला. वनाची जमीन इतर कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते, म्हणून दाट देवरहाटीला याचे कवच मिळते. गावाला हे कवच काचतेही, कारण त्याच नियमाने देवळाचा जीर्णोद्धार किंवा जत्रेसाठी मंडप बांधणेही परवानगीत अडकू शकते. तरीही ते हवे होते. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन, अधिसूचित वन अथवा २५ ऑक्टोबर १९८० पासून सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढ्यापुरतीच त्याची व्याप्ती ठेवली गेली, तेव्हा 'देवरहाटी' ही नोंद वनाची धरायची की नाही, हा प्रश्न एकाएकी निर्णायक झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तूर्त जुनाच व्यापक अर्थ चालू ठेवला.

दरम्यान जुलै २०२१ च्या पावसात कळण्याच्या खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी गावात आणि बागायतीत शिरले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील म्हणून जाहीर करण्यास सांगितले. ग्रामसभांचे ठराव होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षे लोटली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राजस्थानातील ओरणांच्या, म्हणजे तेथील देवरायांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पवित्र वनांची नकाशावर आणि प्रत्यक्ष जागेवर आखणी करण्याचा आदेश दिला. अशी आखणी कोकणात करायची झाली, तर देवरहाटीची हद्द सांगण्यासाठी मोजणीदाराला राखण देणाऱ्या मानकऱ्यालाच बरोबर घेऊन जावे लागेल, कारण अनेक ठिकाणी ती हद्द दगडांच्या आणि झाडांच्या खुणांनीच ठाऊक आहे.